राहणार माहुल : जाचाची कविता आणि तिचा पत्ता

आजचा विषय तुम्ही फलकावर वाचलाच असेल. जातीचा आणि वंशाचा जाच सोसणाऱ्या माणसांचं जगणं कवितेत कसं येतं, हे आपल्याला बघायचं आहे. विषय जुना आहे. त्यावर परिसंवाद झाले, प्रबंध झाले, विद्यापीठांत पेपर लागले. आणि या सगळ्यात चार शब्द पक्के होऊन बसले : वेदना, आक्रोश, नकार, विद्रोह. दलित कविता म्हटली की विद्यार्थी उत्तरपत्रिकेत हे चार शब्द लिहितो आणि त्याला गुणही मिळतात.

हे शब्द खोटे आहेत असं आम्ही म्हणत नाही. ते कवींनी स्वतःही वापरले. पण आम्हाला असं वाटतं की या शब्दांनी वाचणाऱ्याचं काम फार सोपं करून टाकलं. समोरचा माणूस ओरडतोय एवढं ऐकू आलं, की तो नेमकं काय सांगतोय ते ऐकायची गरज उरत नाही. आक्रोश म्हटलं की कविता आवाज होते, त्यातली माहिती निघून जाते. आज आम्ही मांडणार आहोत ते एवढंच, की जाचाखालची चांगली कविता आधी एक फार साधं काम करते. ती पत्ता लिहिते. कोण कुठे राहतं, तिथे त्याला कुणी ठेवलं, तिथून बाहेर पडायची वाट कुठे आहे आणि तिथे पहारा कुणाचा आहे, हे ती सांगते. राग येतो तो त्यानंतर, त्या माहितीतून येतो.

हे बोलायला माहुलइतकी योग्य जागा मुंबईत क्वचितच सापडेल. तुम्हाला माहुल आम्ही काय सांगायचं? तरी हे व्याख्यान पुढे लिहून काढलं जातं आणि लांबची माणसं वाचतात, म्हणून थोडक्यात सांगतो. माहुल हे कोळी-आगऱ्यांचं खाडीकाठचं जुनं गाव. १९५०च्या दशकात शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आले, ट्रॉम्बेचं वीजकेंद्र आलं, पुढे खतांचा कारखाना आला, रसायनं साठवायच्या टाक्या आल्या. केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०१३ साली माहुल आणि आंबापाड्यात पाहणी केली, तेव्हा तीनातल्या दोन माणसांनी सांगितलं की महिन्यातून तीनहून जास्त वेळा आम्हाला धाप लागते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली हवेच्या प्रदूषणामुळे इथल्या लोकांच्या आरोग्याला धोका असल्याचं मान्य केलं. आणि त्यानंतर, हा 'त्यानंतर' शब्द नीट ऐका, २०१७पासून तानसा जलवाहिनीच्या कडेला राहणाऱ्या लोकांची घरं पाडून त्यांना इथल्या ७२ इमारतींत आणून ठेवलं गेलं. सुमारे साडेपाच हजार कुटुंबं. हवा वाईट आहे हे कागदावर आलं होतं, तरी आणली. लोक भांडले, विद्याविहारला रस्त्यावर बसून राहिले. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की माणसांना इथे राहायची सक्ती करता येणार नाही; दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं द्या.

आता याच जागेचं दुसरं वर्णन बघा. शिवडी-माहुलची दलदल म्हणजे मुंबईकरांसाठी फ्लेमिंगो बघायची जागा. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत लोक कॅमेरे घेऊन येतात. गुलाबी पक्षी आणि मागे धुराडी, असे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. फोटो खोटा नसतो. पण तो काढणारा संध्याकाळी घरी जातो. राहणारा जात नाही. कवितेतही हाच फरक पडतो, आणि आज आपण त्याचाच शोध घेणार आहोत.

आता 'पत्ता' हा शब्द आम्ही इतका का ताणतोय ते सांगतो. अमेरिकेतला वंशभेद आणि आपली जात यांची तुलना महाराष्ट्रात फार पूर्वीपासून झाली आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी नाहीशी करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे मांडत असलेल्या अर्जाबद्दल विचारलं, आणि ड्यू बॉइसने उत्तरही पाठवलं. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी केली, तेव्हा ते नाव ओकलंडमध्ये १९६६ साली स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलं. म्हणजे ओळख होती, आणि ती दोन्ही बाजूंनी होती.

पण एक फरक आहे. रंग दिसतो. जात दिसत नाही, ती विचारावी लागते. गावात विचारायची गरजच नव्हती, कारण गावाची रचनाच उत्तर देत होती. कुणाचं घर कुठल्या बाजूला, पाणवठा कुठला, यावरून सगळं कळायचं. शहरात आल्यावर मात्र विचारावं लागतं, आणि तोंडावर विचारणं बरं दिसत नाही. मग काय विचारतात? "आडनाव काय आपलं?" आणि "राहायला कुठे?" हे दोन प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी मुलाखतीत, लग्नाच्या बैठकीत, खोली बघताना ऐकलेत. बाबुराव बागूलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३च्या संग्रहातली त्याच नावाची कथा आठवा. रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी गेलेल्या तरुणाला राहायला जागा हवी असते. जागेसाठी तो जात लपवतो आणि पुढे मार खातो. शीर्षकात जात चोरल्याची गोष्ट आहे, पण चोरी झाली ती खोलीसाठी. पत्ता मिळवायचा तर जात सोडावी लागते, आणि पत्ता सांगितला की जात कळते. या कात्रीत सापडलेल्या माणसाने कविता लिहायला घेतली तर तो काय लिहील?

उत्तर शोधायला आम्ही एक फार साधा प्रयोग केला. कविता बाजूला ठेवल्या आणि नुसती पुस्तकांची नावं घेतली. १९७२, 'गोलपिठा', नामदेव ढसाळ. १९७३, 'गावकुसाबाहेरील कविता', वामन निंबाळकर. १९७४, 'कोंडवाडा', दया पवार. १९७६, 'नाकेबंदी', ज. वि. पवार. आपापल्या जागी बसून लिहिणारे चार कवी, आणि चौघांच्या पुस्तकांची नावं म्हणजे जागा किंवा जागेवरचा पहारा. त्याआधीच्या मराठी कवितासंग्रहांची नावं तुम्हीच मनात आठवून बघा. फुलं, ऋतू, पाऊस, मनाच्या अवस्था यांची संख्या किती भरते ते पाहा.

ही नावं आता जरा सावकाश वाचू. गावकुस म्हणजे गावाभोवतीची भिंत. भिंत आतल्यांच्या रक्षणासाठी असते, पण जो बाहेर आहे त्याच्यासाठी तीच भिंत दुसरं काही होते. 'गावकुसाबाहेरील कविता' म्हणताना कवी आपल्या दुःखाला विशेषण देत नाही, तो दिशा सांगतो. कोंडवाडा हा शब्द तर शहरातल्या मुलांना आता समजावून द्यावा लागतो. मोकाट जनावर कुणाच्या पिकात शिरलं की त्याला धरून कोंडवाड्यात घालायचे. मालक दंड भरायचा आणि सोडवून न्यायचा. म्हणजे कोंडवाड्यात तीन गोष्टी असतात : 'तुझी जागा ही नव्हे' असा आरोप, कोंडणं, आणि कुणीतरी मालक येऊन सोडवील ही व्यवस्था. माणसाला कोंडवाड्यात घातलं तर त्याला सोडवायला कोण येणार? त्याचा मालक कोण? हा प्रश्न शब्दात आधीच भरलेला आहे, तो मोठ्याने ओरडून विचारावा लागत नाही. आणि नाकेबंदी हा शब्द पोलिसांचा, शहराचा. तीन वर्षांत आपण गावाच्या भिंतीपासून शहराच्या नाक्यावर आलो. बंदी तीच, फक्त रचणारे हात बदलले.

पुढची नावं बघा. १९७६ सालीच त्र्यंबक सपकाळे यांचा 'सुरुंग'. १९७७ साली केशव मेश्राम यांचं 'उत्खनन' आणि यशवंत मनोहर यांचं 'उत्थानगुंफा'. आता जागा नुसती सांगितली जात नाही, ती फोडली जाते, खोदली जाते, तिच्या खाली काय आहे ते पाहिलं जातं. सुरुंग हा या भागातल्या लोकांच्या कामाचा शब्द आहे. गडकरी खाण हे नाव आपल्याच रस्त्यावर आहे. दगड फोडणाऱ्याला सुरुंग म्हणजे काय ते प्रतिमा म्हणून शिकवावं लागत नाही. उत्खनन करणारा पुरातत्त्ववाला जमिनीखालून इतिहास काढतो. पाच वर्षांत मराठी कवितेने 'आम्ही इथे आहोत' पासून 'या जमिनीखाली आमचं काय गाडलं आहे' पर्यंत मजल मारली, आणि ती नुसत्या मुखपृष्ठांवरून दिसते. याला नुसता आक्रोश म्हणणं म्हणजे वाचायचा आळस आहे, दुसरं काही नाही.

हे जगात इतरत्रही झालं आहे. ग्वेंडोलिन ब्रुक्स या कृष्णवर्णीय कवयित्रीचा पहिला संग्रह १९४५चा, 'अ स्ट्रीट इन ब्रॉन्झव्हिल'. ब्रॉन्झव्हिल ही शिकागोतली कृष्णवर्णीयांची वस्ती, आणि पुस्तकाचं नाव म्हणजे तिथला एक रस्ता. त्या काळात अमेरिकेत घरांच्या कागदपत्रांतच अट असायची की हे घर कृष्णवर्णीयाला विकू नये. असे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली ठरवलं. म्हणजे ब्रुक्स लिहीत होती तेव्हा त्या वस्तीला कुंपण होतं, फक्त ते कागदाचं होतं. पुढे १९५० साली पुलित्झर पारितोषिक मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय लेखक ठरली. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनचा 'डिस्ट्रिक्ट सिक्स' हा भाग १९६६ साली गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाला आणि साठ हजारांहून जास्त माणसं उचलून शहराबाहेरच्या वाळवंटी सपाटीवर नेऊन टाकली. आज त्या भागाचं नुसतं नाव घेतलं तरी तिथल्या माणसाला सगळा इतिहास कळतो. वर्णद्वेष, जात ही मोठी नावं आहेत. माणसाला ती भेटतात मात्र ट्रकमध्ये सामान भरताना, नव्या इमारतीच्या जिन्यात, बदललेल्या बसच्या नंबरात.

आता एक आक्षेप येईल, आणि तो बरोबर आहे. जाचावर कविता काय फक्त सोसणाऱ्यानेच लिहायची? केशवसुतांनी एकोणिसाव्या शतकात 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' लिहिली. त्या काळात सवर्ण कवीने तो प्रश्न कवितेत आणणं ही लहान गोष्ट नव्हती, आणि आम्ही तिला कमी लेखत नाही. पण ती ढसाळांच्या शेजारी ठेवून वाचा. केशवसुतांचा मुलगा 'का' असं विचारतो, आणि तो प्रश्न सगळ्या माणुसकीला विचारलेला आहे. कुठल्याही गावातला, कुठल्याही आळीतला मुलगा तो विचारू शकतो. कवीला त्याचं दुःख माहीत आहे, त्याची गल्ली माहीत नाही. ढसाळांच्या कवितेत 'का' फारसा उरतच नाही. का, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे. तिथे येतात ते 'कुठे', 'किती', 'कुणाकडून'.

'गोलपिठा'बद्दल थोडं जास्त बोलायला हवं. ढसाळ पुण्याजवळच्या पूर-कनेरसरचे, लहानपणी मुंबईत आले, कामाठीपुऱ्याच्या परिसरात वाढले, टॅक्सी चालवली. पुस्तकाला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. त्या प्रस्तावनेतली आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की इतका मोठा नाटककार, मुंबईत आयुष्य काढलेला, यातले बरेच शब्द मला कळले नाहीत हे मोकळेपणाने सांगतो आणि कवीकडून अर्थ समजून घेतो. हे फार क्वचित घडतं. एरवी मराठीत काय व्हायचं? ग्रामीण, दलित, आदिवासी लेखकाने प्रमाण मराठी शिकून यायचं आणि वाचकाने आपल्या खुर्चीत बसून राहायचं. इथे वाचकाला उठावं लागलं. टीकाकारांनी त्या भाषेला अश्लील म्हटलं, दुर्बोध म्हटलं. पण दुर्बोध कुणाला? कामाठीपुऱ्यातल्या माणसाला ते शब्द रोजचे होते. शब्द न कळणं याचा अर्थ आपण त्या पत्त्यावर कधी गेलो नाही, एवढाच होतो. कविता वाचकाला त्याचाच पत्ता दाखवते, आणि हे तिचं दुसरं काम.

म्हणून ढसाळांची भाषा ही केवळ रागाची भाषा मानू नका. ती नकाशाइतकी नेमकी आहे. कुठल्या धंद्यात कुणाला काय म्हणतात, पैसा कुठून कुठे जातो, देहाचा बाजार कसा चालतो, हे ती जाणते. राग असलेल्या माणसाला नेमकं बोलता येत नाही असा आपला एक समज आहे. 'गोलपिठा' तो समज मोडतो.

हे सगळं १९७२ साली सुरू झालं असंही समजू नका. मागे चोखोबा आहेत. चौदाव्या शतकातला हा संत, त्याच्या अभंगांवर एक ठरलेला शेरा आहे : तो देवापुढे नम्र झाला, बंड केलं नाही. हा शेरा त्याला मानणारेही मारतात आणि न मानणारेही. आमचं म्हणणं असं की चोखोबा कुठे उभे राहून बोलतात ते आधी बघा. ते दाराबाहेर उभे आहेत आणि त्यांच्या शब्दांत ते दार सतत आहे. आतल्या संताला दार दिसत नाही, कारण तो त्यातून गेलेला असतो. दाराची उंची बाहेरच्यालाच ठाऊक. पंढरपुरात त्यांची समाधीही पायरीपाशीच आहे, आणि त्यांच्या जातीच्या माणसांना त्या पायरीच्या आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. बाबासाहेबांनी १९४८ सालचा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ ज्या तीन संतांना अर्पण केला त्यांत चोखोबा आहेत. त्यांच्या पत्नी सोयराबाई आणखी पुढे जातात. विटाळ विटाळ म्हणता तो राहतो कुठे, असा प्रश्न घेऊन त्या थेट माणसाच्या देहापर्यंत पोहोचतात आणि सोवळ्याच्या देहालाही त्यातून सोडत नाहीत. विटाळाचाच पत्ता शोधणारी ही बाई. तिच्याइतकं तर्कशुद्ध बोलणं त्या काळात कितीकांनी केलं असेल?

चोखोबा गेले ते १३३८ साली, मंगळवेढ्यात भिंत बांधताना ती अंगावर पडून. वेठीला लावलेल्या मजुरांबरोबर. आणि १८ जुलै २०२१च्या रात्री, मुसळधार पावसात, इथून जवळच वाशी नाक्याच्या भारतनगरमध्ये भिंत घरांवर कोसळली आणि १९ माणसं गेली. या दोन भिंती शेजारी ठेवण्याचा मोह व्याख्यात्याला होतो. पण इथे सांभाळायला हवं. दोन्ही प्रसंगांना 'भिंत' या एका प्रतिमेत बसवलं की ऐकायला बरं वाटतं आणि त्या १९ माणसांचं काहीच उरत नाही. चांगली कविता प्रतिमा करायची घाई करत नाही. ही भिंत कुठली, ती कुणाची, तिच्या पायथ्याशी घरं का होती, दुसरी जागा का नव्हती, हे ती आधी विचारते. भिंतीचं रूपक ज्याला सुचतं त्याचं घर बहुधा भिंतीखाली नसतं.

मघापासून आपण पुस्तकांबद्दल बोलतोय. पण या भागात कविता पुस्तकातून कमी आणि गळ्यातून जास्त आली. वामनदादा कर्डक मुंबईत मजुरी करताना मोठेपणी अक्षरं शिकले आणि पुढे त्यांची गाणी गावोगाव गेली. घाटकोपरच्या चिरागनगरात राहून अण्णा भाऊ साठे यांनी लिहिलं, गायलं. मुलुंडला विलास घोगरे राहायचे. आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' या १९८५च्या माहितीपटात त्यांचं गाणं आहे, आणि तो माहितीपट मुंबईतल्या झोपड्या पाडण्याबद्दल आहे. योगायोग बघा, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात निकाल दिला. पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं मान्य केलं, आणि तरी पदपथ मोकळे करायला परवानगी दिली. एकाच वर्षी एकाच गोष्टीवर एक निकाल आणि एक गाणं. निकालात माणसं 'अर्जदार' असतात, गाण्यात ती 'आम्ही' असतात.

११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं मेली. चार दिवसांनी विलास घोगरे यांनी आपलं आयुष्य संपवलं. त्यावर आम्ही अर्थ लावत बसणार नाही. टीकाकाराने अशा ठिकाणी थांबावं. एवढंच सांगतो की ज्यांच्या गाण्यात 'आम्ही' असतं त्यांच्यासाठी शेजारच्या वस्तीतला गोळीबार ही बातमी नसते. लेखी कवितेत कवी एकटा असू शकतो. शाहिरीत तो एकटा असूच शकत नाही, मागे कोरस धरणारी माणसं लागतात. त्या गाण्याची ताकद तिथेच आहे आणि त्याचा भारही तिथेच.

आता बायकांच्या कवितेकडे येऊ. वस्ती म्हटलं की आपण बाहेरची रेघ बघतो. आत आणखी रेघा असतात. हिरा बनसोडे यांच्या १९८४च्या संग्रहाचं नाव 'फिर्याद'. फिर्याद कशी लिहितात? नाव, वय, धंदा, राहणार. सरकारी मराठीत 'रा.' असं लिहून पुढे गाव घालतात. फिर्यादीला पत्ता लागतोच. पण बाईचा पत्ता कुठला? माहेरचा, सासरचा, की त्या दोन्हीच्या मध्ये कुठे? घराबाहेर जातीचा जाच आणि घरात नवऱ्याचा, अशी दुहेरी फिर्याद ती कुणाकडे नोंदवणार? मल्लिका अमरशेख यांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या आत्मकथनात चळवळीच्या घरात बाईचं काय होतं ते लिहिलं, तेव्हा ते अनेकांना आवडलं नाही. पण पत्ता सांगायचा तर घराच्या आतला कोपराही सांगावा लागतो. पाण्यासाठी हंडा घेऊन रांगेत कोण उभं असतं, वास आला की खिडकी लावायला कोण उठतं, रात्री मुलाची छाती भरली की रिक्षा शोधायला कोण धावतं? ज्या कवितेत हे नाही ती वस्तीची कविता अर्धीच म्हणायची.

दोन शंका आधीच घेतो.

पहिली शंका अशी की पत्ता, माहिती, नोंद हेच कवितेचं काम असेल तर ती आणि पंचनामा यांत फरक काय? फरक आहे. पंचनामा झालेल्या गोष्टीचा होतो आणि तो बाहेरून आलेला माणूस करतो. केईएमच्या पाहणीने तीनातल्या दोघांना धाप लागते हे सांगितलं. ते सांगणं फार गरजेचं होतं, त्याशिवाय लवादात उभंच राहता आलं नसतं. पण धाप लागत असताना माणूस वाक्य कसं बोलतो, कुठे थांबतो, कुठला शब्द गिळतो, हे आकडा सांगू शकत नाही. ओळ कुठे तोडायची हा कवितेचा प्रश्न आहे, आणि माहुलच्या कवीसाठी तो श्वासाचाही प्रश्न आहे. कवितेचं तंत्र आणि जगणं वेगळं नाही असं आम्ही म्हणतो ते या अर्थाने. शिवाय आकड्यातल्या तिसऱ्या माणसाचं काय, ज्याला धाप लागत नाही, किंवा लागते पण तो सांगत नाही? कविता त्याच्याशीही बोलते.

दुसरी शंका जास्त टोकदार आहे. माहुलचा जाच हा जातीचा जाच आहे का? इथल्या इमारतींत सगळ्या जातींची, धर्मांची माणसं आली आहेत. मूळ गाव कोळ्यांचं, त्यांचा धंदा खाडी बिघडल्याने बसला. सगळ्याला एकच नाव देणं बरोबर नाही, आणि तशी घाई आम्ही करणार नाही. दलित पँथरने १९७३च्या जाहीरनाम्यात 'दलित' या शब्दात अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध यांच्याबरोबर कामगार, भूमिहीन आणि बायका यांनाही घेतलं. त्यावरून चळवळीत वाद झाले, कारण व्याख्या रुंद केली की जातीचा काटा बोथट होतो ही भीती खरी होती. आम्हाला असं वाटतं की कवितेने हा वाद व्याख्येने सोडवू नये. तिने तपशिलाने सोडवावा. गावाच्या कुठल्या बाजूला कुणी राहायचं हे जातीने ठरवलं, ही रीत या देशात शेकडो वर्षं चालली. नको असलेली माणसं आणि नको असलेली घाण एकाच दिशेला ठेवायची, ही सवय तिथून आली. आज त्या दिशेला कोणकोण जाऊन पडतं हे घरोघरी बघावं लागेल. काही घरांत जात सापडेल, काहींत धर्म, काहींत नुसतं दारिद्र्य, बहुतेकांत तिन्हींची सरमिसळ. नाशिकचे कवी अरुण काळे यांच्या एका संग्रहाचं नाव आहे 'नंतर आलेले लोक'. हे तीन शब्द या ७२ इमारतींच्या संदर्भात वाचून बघा. नंतर आलेल्यांना काय उरतं? आणि आधीपासून असलेल्या कोळ्यांना, ज्यांच्या दारात कारखाना नंतर आला, त्यांना काय म्हणायचं?

आता शेवटाकडे येतो. इथे शिक्षक बसले आहेत, अभ्यासक आहेत, लिहिणारी मुलंमुली आहेत. तिघांना वेगवेगळं सांगायचं आहे.

शिक्षकांना सांगायचं ते असं की दलित कविता शिकवताना 'या कवितेतला विद्रोह स्पष्ट करा' हा प्रश्न एक वर्ष सोडून बघा. त्याऐवजी विचारा : ही कविता कुठे घडते? तिथे पाणी कुठून येतं? तिथून बाहेर जायची वाट कोणती? त्या वाटेवर कोण उभं आहे? मुलांना उत्तरं ओळींतून शोधावी लागतील, पाठ केलेल्या चार शब्दांतून ती मिळणार नाहीत. आणि ज्या कवितेत अशी उत्तरं सापडत नाहीत, तिथे नुसता मोठा आवाज आहे का, हेही बिनधास्त विचारा. दलित कवी आहे म्हणून कविता चांगली, हे म्हणणं त्या कवीचा अपमान आहे. ढसाळांना कुणाची सवलत नको होती.

अभ्यासकांना विनंती ही की पुस्तकांबरोबर गाण्यांच्या वह्या शोधा. या वस्त्यांमध्ये, घाटकोपर ते मुलुंड, चेंबूर ते ट्रॉम्बे, पत्र्याच्या पेट्यांत जुन्या वह्या असतील. घर पाडायला येतात तेव्हा माणूस आधी रेशनकार्ड वाचवतो, वही मागे राहते. बुलडोझरखाली किती कविता गेल्या याची मोजदाद कुठल्याच प्रबंधात नाही.

आणि लिहिणाऱ्यांना. तुमच्यावर दोन दडपणं येतील. एक म्हणेल, तुमच्या दुःखातून वर या, वैश्विक लिहा. दुसरं म्हणेल, अजून मोठ्याने ओरडा, आम्हाला तेच हवं आहे. दोन्ही तुमचा पत्ता पुसायला निघाली आहेत. पहिल्याला तुम्ही कुठलेच नको आहात आणि दुसऱ्याला तुम्ही फक्त आवाज म्हणून हवे आहात. ब्रुक्सने एक रस्ता लिहिला आणि तो शिकागोबाहेरही वाचला गेला. ढसाळांनी मुंबईतली एक वस्ती लिहिली आणि तिची भाषांतरं झाली. जगाला कळावं म्हणून त्यांनी जागेचं नाव गाळलं नाही. तुम्हीही गाळू नका. इमारतीचा नंबर लिहा, मजला लिहा, वारा कुठल्या बाजूने आला की वास येतो ते लिहा, लिफ्ट कितव्या दिवसापासून बंद आहे ते लिहा, खिडकीतून खाडी दिसते आणि त्यात पक्षी आहेत तर तेही लिहा, कारण तेही खरं आहे आणि त्यावर तुमचाही हक्क आहे. राग यायचा असेल तर तो या तपशिलातून येईल आणि आला की टिकेल.

बाकी प्रश्नोत्तरांत बोलू.